पुलाखालची वाट

सावंतवाडीच्या चितारआळीत रंगीत लाकडी खेळण्यांची दुकाने आहेत. मोती तलावही तेथून जवळच. या पेठेच्या माथ्यावरून आगगाडी कधी धावली नाही. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, तेव्हाही तिचे स्थानक शहराबाहेर मळगावला झाले. तत्पूर्वी कित्येक पिढ्यांचे सावंतवाडीकर वेंगुर्ल्याला बोटीत बसत आणि मुंबईच्या धक्क्यावर उतरत. गोदीच्या परिसरातून ते शहरात शिरत, तेव्हा रस्त्याच्या वरून जाणारी रेल्वे त्यांच्या दृष्टीस पडे.

सँडहर्स्ट रोड स्थानकापाशी हार्बर मार्ग उंचावरून जातो. खाली मध्य रेल्वेचे मुख्य रूळ, त्यांवरून हा दुसरा मार्ग, आणि भोवती डोंगरी व मशीद बंदरच्या दाट पेठा. येथील लोखंडी खांबांवर १९२१ हे वर्ष उमटलेले आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला निघालेली देशातील पहिली विजेवरची आगगाडी याच मार्गाने गेली.

दगडी कमानी उभारल्या असत्या, तर त्यांच्या जाड पायांनी रस्त्याची बरीच रुंदी व्यापली असती. पोलादी तुळईला थोड्या खांबांचा आधार पुरतो. गाडीचा भार येताच तुळईची वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते. मधला उभा पत्रा दोहोंना एकत्र धरून ठेवतो. सारा भार अखेर खांबांतून जमिनीत उतरतो, आणि खालचा रस्ता मोकळा राहतो. त्या रस्त्याने हातगाड्या जातात, पाठीवर पोती घेतलेले हमाल जातात, दुकानांचा व्यवहार चालू राहतो.

सावंतवाडीच्या व्यापाऱ्याला या मोकळ्या वाटेचे मोल अधिक कळावे. बेळगावचा माल एके काळी आंबोलीच्या घाटाने उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात येई. १८८८ मध्ये कॅसलरॉकमार्गे मुरगावपर्यंत रेल्वे झाली आणि तो व्यापार तिकडे वळला. घाट तोच राहिला, बंदरही तेच राहिले. मालाच्या गाड्या मात्र कमी झाल्या. पेठेवर कोणी घाला घातला नव्हता. तिची वाट तेवढी दुसरीकडे गेली होती.

नवा मार्ग आखताना त्यावरून किती माल जाईल, याचा हिशेब सारेच मांडतात. त्यामुळे कोणाची जुनी वाट ओस पडेल, हा आकडा त्या वहीत क्वचितच चढतो. सँडहर्स्ट रोडच्या पुलाने निदान आपल्या पायाशी असलेल्या रस्त्यापुरता तो हिशेब सांभाळला. डोक्यावरून गाडी जाते, तुळया क्षणभर थरथरतात, बोलणाऱ्यांचा आवाज त्या घरघरीत बुडतो; आणि खाली हातगाडीवाला न थांबता आपला माल पुढे नेत असतो.