गल्ल्यातली पुडी

परवा तांबट आळीत मित्राच्या दुकानात चहाला बसलो होतो. तांब्या-पितळेचं दुकान, गिऱ्हाईक जेमतेम. सुट्ट्या पैशांसाठी त्याने गल्ला उघडला, तर नोटांखाली लाल कागदाची पुडी. "लक्ष्मी खेचणारं चूर्ण आहे रे. अकरा शुक्रवार गल्ल्यात टाकायचं. अकराशे घेतले एका महाराजांनी."

वास घेतला. हळद आणि कापूर.

मी हसलो नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पगार थांबला, तेव्हा अशीच पुडी माझ्या पाकिटात होती. आईने दिली म्हणून ठेवली, असं सांगायचो. खरं तर आशा मलाही होती.

आणि राहतो कुठे? कसब्यात. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना ज्या पुलावर गोळ्या घातल्या, तो ओंकारेश्वराजवळचा पूल इथून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यांनी वर्षानुवर्षं मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर, त्याच डिसेंबरात झाला. घरच्या पूजेअर्चेला तो हात लावत नाही. पण चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे कमावले, तर सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे.

मित्राला म्हटलं, तक्रार दे. तो म्हणाला, "लोक हसतील."

भोंदूंचा धंदा याच लाजेवर चालतो, मंडळी. म्हणून आधी माझी पुडी सांगितली. तुमच्याही गल्ल्यात असेल तर बोला. चौघं मिळून पोलीस चौकीत जाऊ, मी सोबत येतो.