पापुद्रा

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत धड चालणारा संगणक एकच. २०१२ साली घेतलेला. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आम्ही शिक्षिका त्याच्यावरच, इनपेजमध्ये नस्तालीक अक्षरांत टाइप करतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये, ऐन वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, तो दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडू लागला. नववीची विज्ञानाची प्रश्नपत्रिका दोनदा गेली. दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगितले, "म्हातारा झालाय, नवा घ्या." नव्याला पैसे नव्हते, तरी आम्ही मान डोलावली. शेवटच्या बाकावरच्या मुलांविषयीही आम्ही स्टाफरूममध्ये अशीच मान डोलावतो.

शेवटी कॅबिनेट आम्हीच उघडले. प्रोसेसरवरचा पंखा ज्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर धरलेला असतो, त्यातली एक तुटली होती. धातूचा ठोकळा एका बाजूने उचलला गेला होता आणि खालचे मलम वाळून खडूसारखे झाले होते. प्रोसेसर शाबूत होता. त्याची उष्णता बाहेर जात नव्हती, म्हणून जळण्याआधी तो स्वतःच बंद होत होता.

वर्गणी काढून मोठा कूलर मागवला. 'कूलर' ऐकताच शिपाईमामांनी आशेने खिडकीकडे पाहिले!

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही तिघी बसलो. वायर काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. जुना ठोकळा किंचित फिरवून सोडवला, मलम स्पिरिटने पुसले. मदरबोर्ड बाहेर काढून मागे आधारपट्टी लावली. प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढे नवे मलम ठेवले. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी त्यांत बारीक खळगे असतात. त्यांतली हवा उष्णता अडवते. मलम त्या हवेची जागा घेते. फार जाड थापले, तर तेच आड येते. मग समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून आवळले, पंख्याची वायर जोडली आणि बटण दाबले.

पडद्यावर तापमान चढू लागले. ८०, ८६, ९१. घाईने बंद केला. वर्गणीचे पैसे वाया गेले, असे वाटून आम्ही एकमेकींची तोंडे पाहू लागलो.

नववीतली एक मुलगी वह्यांचा गठ्ठा ठेवायला आली होती. इंग्रजीत कायम काठावरची. कूलरसोबतचा इंग्रजी कागद आम्ही न वाचताच बाजूला ठेवला होता. तो तिने हातात घेतला होता. भीत भीत म्हणाली, "आपा, इस तस्वीर में नीचे से कुछ छील रहे हैं. हमने छीला?"

आम्ही सोलले नव्हते. कूलरच्या बुडाला प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा तसाच होता.

तो काढला, सगळे पुसले, उरलेले मलम लावून पुन्हा जोडणी केली. तापमान ५१ वर येऊन थांबले.

मुलगी घरी गेल्यावर प्रश्नपत्रिका तिसऱ्यांदा टाइप केली. इनपेज एकदाही बंद पडले नाही. बी.एड.ला मुलांचे निरीक्षण कसे करावे, यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. प्रगतिपुस्तकात त्या मुलीच्या नावापुढे 'लक्ष देत नाही' हा शेरा पेन्सिलीने आधीच लिहून ठेवला होता. त्या संध्याकाळी तो आम्ही खोडला.