भिंगाचा ट्रे

सोमवार, 25 नोव्हेंबर 2024

भात झोडून झालं, थंडी पडली की मावळातून मोतीबिंदूचे पेशंट येऊ लागतात. आजच्या यादीत पहिलेच एक आजोबा होते, उजवा डोळा पांढराफटक. सून म्हणाली, “पिकू दिला सिस्टर, मग आणलं.” पिकण्याची वाट बघणं ही जुन्या काळच्या शस्त्रक्रियेची रीत. ती घरोघरी अजून टिकून आहे आणि तिच्यापायी माणसं वर्षं अंधारात काढतात. इतकं कडक झालेलं भिंग फेकोनं, म्हणजे ध्वनिलहरींनी, फोडायचं तर त्या लहरी जास्त वेळ सोडाव्या लागतात. त्याचा मार पारपटलाच्या आतल्या पेशींना बसतो आणि त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून आमच्या सर्जन सरांनी लहान छेदाची, हातानं करायची शस्त्रक्रिया ठरवली.

नव्या सिस्टरला ट्रे लावायला शिकवताना मी शेवटापासून सुरुवात करायला सांगते. आधी डोळ्यात कोणतं भिंग जाणार ते बघ. भिंगावरून वाट ठरते, वाटेवरून हत्यारं. आजोबांचं भिंग पीएमएमएचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं. त्याचा मधला गोल भाग सहा मिलिमीटरचा आणि तो दुमडत नाही, म्हणून वाटही तेवढी रुंद हवी. त्यासाठी क्रेसेंट ब्लेडनं डोळ्याच्या पांढऱ्या भागातून तिरका बोगदा करतात आणि किरेटोमनं आत शिरतात. बोगदा तिरका असल्यामुळे काम झाल्यावर डोळ्याच्या आतल्या दाबानंच तो मिटतो, टाका लागत नाही.

भिंग बसवायला मात्र दोनच हत्यारं पुरतात. मॅक्फर्सनच्या वाकड्या चिमट्यानं भिंग धरून त्याचा पुढचा तारेसारखा पाय मूळ भिंगाच्या रिकाम्या पिशवीत सरकवायचा, मग सिन्स्की हुकनं ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवत मागचा पायही आत घ्यायचा. ट्रेवर भिंग ठेवलं की मी त्याचे पाय बघते. इंग्रजी ‘एस’सारखे दिसले तर भिंग पालथं आहे. हे डोळ्यात जाण्याआधी दिसलं पाहिजे.

मंगळवार, 26 नोव्हेंबर

आज सगळे फेको. दुमडणारं ॲक्रिलिकचं भिंग आणि 2.8 मिलिमीटरचा छेद. सहा मिलिमीटरचं भिंग त्याच्या निम्म्याहून लहान दारातून जातं ते इंजेक्टरमुळे. कार्ट्रिजमध्ये आधी व्हिस्को भरायचं. हा जेल भिंगाला घसरायला मदत करतो आणि डोळ्याच्या आत जागा धरून ठेवतो. मग भिंग ठेवायचं, मागचा पाय भिंगावर दुमडायचा आणि कार्ट्रिजचे पंख मिटायचे. पंख मिटताना भिंगाची कड चिमटीत आली तर तिला चीर पडते. प्लंजर पुढे नेताना पाय अडकला तर तो तुटतो. सगळं मायक्रोस्कोपखाली बघून करायचं, घाई अजिबात नाही.

थंडीत ॲक्रिलिक ताठर होतं. आज सकाळी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, गार पडली होती, पहिलं भिंग पिशवीत फार सावकाश उलगडलं. सर थांबले. हुकनं ढकलायचा मोह आवरून थांबणं हेसुद्धा कसब आहे, आणि ते कुठल्या ट्रेवर मिळत नाही.

बुधवार, 27 नोव्हेंबर

आज ओटीला सुट्टी, म्हणजे धुण्याचा दिवस.

या कामाबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. डोळ्याच्या हत्यारांत पोकळ हत्यारं सगळ्यांत धोक्याची. सिमको कॅन्युलात दोन बारीक नळ्या असतात, एकीतून पाणी आत जातं, दुसरीतून बाहेर येतं. त्यात व्हिस्को सुकलं तर बाहेरून काही दिसत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये जंतू मरतात, पण सुकलेलं व्हिस्को तिथून जात नाही, साबणाचा अंशही जात नाही. पुढच्या पेशंटच्या डोळ्यात तो सुटतो आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की पारपटल धुरकट, डोळा लाल, नजर अधू. जंतूंचा संसर्ग नसतानाही डोळा असा पेटतो. म्हणून कॅन्युला वापरून झाल्याबरोबर, सुकायच्या आत, सिरिंज लावून डिस्टिल्ड वॉटरनं धुवायची, पुन्हा पुन्हा. नंतर हवा मारून आतलं पाणी काढायचं. मगच 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह.

एकदाच वापरायचं कार्ट्रिज धुऊन पुन्हा वापरण्याची सवय काही ठिकाणी आहे. मला ती मान्य नाही. आतला गुळगुळीत थर गेला की भिंग ओरखडतं. तो ओरखडा पेशंट जन्मभर डोळ्यात घेऊन फिरतो आणि पैसे मात्र नव्या कार्ट्रिजचे दिलेले असतात.

हुकांची टोकं दुर्बिणीखाली पाहिली. दोन टोकं किंचित वाकली होती, ती बाजूला काढली. डोळ्याला न दिसणारा काटासुद्धा भिंगामागचा पडदा फाडू शकतो आणि तो पडदा किती नाजूक असतो ते मी रोज बघते.

शुक्रवार, 29 नोव्हेंबर

आज 75 वर्षं झाली. 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग ठेवून पाहिलं. कायमचं बसवलं ते 8 फेब्रुवारी 1950 ला. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचे तुकडे रुतले होते. धारदार कड टोचत नसेल तर डोळा त्या तुकड्यांना निमूट सांभाळून घेतो हे रिडलींनी पाहिलं. त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग त्यांनी रेनर कंपनीकडून बनवून घेतलं. ते जाड होतं, जड होतं आणि त्याची पॉवर गरजेपेक्षा फार जास्त निघाली. त्या काळच्या मोठ्या नेत्रतज्ज्ञांनी त्यांना कडाडून विरोध केला, डोळ्यातली वस्तू बाहेर काढायची की आत घालायची म्हणून. उतारवयात रिडलींच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत भिंगं बसली, तीही सेंट थॉमसमध्येच. सन 2000 मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला.

मला यातली एक गोष्ट विशेष लागते. त्यांची सुरुवातीची भिंगं सेट्रिमाइडच्या द्रावणात निर्जंतुक करत. त्याचा अंश भिंगावर राही आणि डोळे सुजत. म्हणजे भिंग चांगलं, हात चांगला, आणि दगा दिला तो धुण्यानं. परवा कॅन्युलाबद्दल लिहिलं तेच हे. नव्या सिस्टरला आज हे सांगितलं. तिनं ते वहीत उतरवून घेतलं.

सोमवार, 2 डिसेंबर

यादी लांब होती. दोन पेशंटची नावं सारखी, आडनावंही सारखी. प्रत्येक वेळी तेच: नाव, गाव, कोणता डोळा, पॉवर. मी खोक्यावरून मोठ्यानं वाचते, सर डोळा मोजलेल्या ए-स्कॅनच्या कागदावरून वाचतात, दोन्ही जुळल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही. एकाचं भिंग 21, दुसऱ्याचं 23.5. घाईत इथे अदलाबदल झाली तर हत्यारं कितीही चांगली असोत, माणसाला धूसरच दिसणार.

बुधवार, 4 डिसेंबर

एक काकू भिंगाच्या किमतीवरून हिरमुसल्या होत्या. शेजारणीनं महागडं दुमडणारं घातलं, यांच्या वाट्याला साधं. “आमचं हलकं का हो?” त्यांच्याजवळ बसले. हलकं नाही म्हणून सांगितलं. पूर्वी ही भिंगं बाहेरून यायची आणि गरिबाला परवडत नसत. ऑपरेशननंतर जाड काचांचा चष्मा नशिबी यायचा. 1992 साली मदुराईत अरविंद नेत्ररुग्णालयानं ऑरोलॅब सुरू केली, तिथे भिंगं बनू लागली आणि किंमत किती तरी पटींनी उतरली. त्या रुग्णालयाचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांची बोटं तरुणपणीच संधिवातानं वाकडी झाली होती. त्याच बोटांनी हत्यार धरायला ते नव्यानं शिकले आणि त्यांनी हजारो डोळ्यांची ऑपरेशनं केली. काकूंनी हे शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, “उद्या माझा नंबर कितवा?”

साध्या भिंगानं लांबचं स्वच्छ दिसतं, जवळच्या वाचनाला चष्मा लागतो. छेद थोडा मोठा असल्यानं तिरपा नंबर जरा जास्त राहू शकतो. फरक आहे आणि तो पेशंटला सांगायलाच हवा. पण पिकलेल्या मोतीबिंदूला हे भिंग आणि ही मूठभर पोलादी हत्यारं जे देतात, त्याला हलकं म्हणू नये.

शुक्रवार, 6 डिसेंबर

आज एक बाई दुसऱ्या डोळ्यासाठी आल्या. पहिला डोळा दुसऱ्या गावी झालेला. कोणतं भिंग, किती पॉवर, कशाचाच कागद नाही. “दिलाच नाही,” म्हणाल्या. पहिल्या डोळ्याची पॉवर आणि त्यानंतरचा नंबर हाती असता तर दुसऱ्याचा हिशेब अधिक नेमका जमला असता. उद्या ते भिंग सरकलं आणि बदलावं लागलं, तरी हीच अडचण येणार.

प्रत्येक भिंगाच्या खोक्यात चिकटपट्ट्या असतात, त्यावर कंपनी, पॉवर आणि अनुक्रमांक छापलेला असतो. एक आमच्या वहीत जाते, एक पेशंटच्या कार्डावर लागायला हवी. घरात कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर ते कार्ड मागून घ्या आणि रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा.