बॅकअपचा बॅकअप

"तू नक्की करतेस काय?" हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक लग्नामुंजीत निघतो. मी सांगते, मोठ्या कंपन्यांच्या डेटाच्या प्रती सांभाळते. "म्हणजे झेरॉक्सच की!" असं मागच्या महिन्यात एका मावशीने सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. हसू आलं, पण खरं सांगायचं तर मावशी फार चुकली नाही. फक्त झेरॉक्स काढणं हा कामाचा सोपा भाग. ज्या कपाटात त्या झेरॉक्स ठेवल्या, तेच कपाट जळालं तर काय, हा प्रश्न आला की खरी नोकरी सुरू होते.

गेले काही दिवस डोक्यात हेच चालू आहे, तेव्हा आज त्याबद्दलच. (नातेवाईक मंडळींनी पुढचा एक परिच्छेद सोडला तरी चालेल. रागावणार नाही.)

बॅकअप घेणारा सर्व्हर हाही शेवटी सर्व्हरच. त्याच्याकडे एक वही असते, तिला कॅटलॉग म्हणतात. कोणती फाइल कोणत्या तारखेला कुठल्या टेपवर गेली याची नोंद त्यात. ही वही गेली तर टेपा शाबूत असूनही घोळ होतो, एकेक टेप पहिल्यापासून वाचून वही नव्याने तयार करावी लागते आणि त्यात दिवसच्या दिवस जातात. त्यात हल्ली सगळा डेटा कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला. किल्ल्या नसतील तर टेप म्हणजे नुसतं प्लॅस्टिक. म्हणून वही, किल्ल्या आणि ते वाचणारं यंत्र, तिन्ही गोष्टी दुसऱ्या गावी तयार ठेवायच्या आणि वेळ आली की काम तिकडे वळवायचं. याला फेलओव्हर म्हणतात.

दुसऱ्या गावी जागा घेणं म्हणजे तयारी, असा मात्र बऱ्याच जणांचा समज असतो. २४ फेब्रुवारी २०२१ आठवतो का? राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११:४० ला थांबला तो दुपारी ३:४५ ला सुरू झाला. त्यांची मुख्य जागा वांद्रे-कुर्ला संकुलात, जवळची पर्यायी जागा कुर्ल्यात आणि लांबची चेन्नईत. मधल्या लाइन्स दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या. एक गेली तर दुसरी, हिशोब चोख. पण दोन्ही लाइन्स डळमळल्या, आणि नंतर बाजाराने दिलेलं कारण वाचून मला मुंबईकरांची दया आली: रस्त्यावरचं खोदकाम! त्यापाठोपाठ मुख्य जागेतली स्टोरेज यंत्रणाच सर्व्हरांना दिसेनाशी झाली. चेन्नई होतीच, पण गाडी तिकडे वळली नाही. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम केला, की असं काही झालं तर ३० मिनिटांच्या आत 'आपत्ती' जाहीर करा आणि तिथून ४५ मिनिटांत काम उभं करा. मला यातली पहिली ३० मिनिटं जास्त महत्त्वाची वाटतात. यंत्र लवकर वळतं हो, पण "वळवा" म्हणायला माणूस धजत नाही. पाच मिनिटांत लाइन परत येईल, अशी आशा कुणाला नसते? म्हणून तर २ मार्च २०२४ ला, शनिवार असूनही, बाजार मुद्दाम उघडला आणि दुसरं सत्र पर्यायी जागेवरून चालवून पाहिलं. ते मला फार आवडलं होतं.

आणखी एक समज म्हणजे डेटा दोन ठिकाणी सतत कॉपी होतोय, म्हणजे झालाच बॅकअप. गिटलॅबमध्ये ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटाबेस पुसला. मग एकेक बॅकअप उघडायला गेले तर पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप अपयशी होत होता आणि तसं कळवणाऱ्या इमेल्स वाटेतच नाकारल्या जात होत्या. सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढली होती, तिच्यावर भागलं. सगळं जगासमोर उघड लिहिलं त्यांनी, याबद्दल मला त्या लोकांचा आदर आहे. दक्षिण कोरियाची कथा याहून वाईट. सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक ड्राइव्हचा ८५८ टेराबाइट डेटा गेला. त्याची बाहेर प्रतच नव्हती.

असो. आता घरचं.

आमच्या एका ग्राहकाकडे वर्षातून एकदा फेलओव्हरची तालीम होते. तारीख आधी ठरलेली, माणसं ठरलेली, डबे मागवलेले. आमचे एक सीनिअर सर आठ वर्षं ती चालवतात आणि ती आठही वर्षं 'यशस्वी' झाली आहे. सर येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार. म्हणून यंदा मी म्हटलं, सरांनी घरी बसायचं, फोन बंद. मॅनेजर म्हणाले, "अगं, चाललंय ते चालू दे ना." पण मान्य केलं.

शनिवारी दोन नव्या मुलांनी सकाळी नऊला सुरुवात केली. काय करायचं त्याचं डॉक्युमेंट कुठे? मुख्य जागेच्या शेअर्ड ड्राइव्हवर, म्हणजे आज 'मेलेल्या' जागेत. कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये दोन वर्षांपूर्वीची छापील प्रत सापडली. मग लॉगिन होईना, कारण पासवर्ड तपासणारा सर्व्हरही मुख्य जागेतच. आणीबाणीचा पासवर्ड तिजोरीतल्या पाकिटात, तिजोरीची किल्ली ॲडमिनवाल्या काकांकडे, आणि काकांना शनिवारी सुट्टी. दुपारी दोनला आत शिरलो. कॅटलॉग व्यवस्थित उभा राहिला, तेव्हा मुलांनी टाळ्याही वाजवल्या. पण टेपा उघडेनात. एन्क्रिप्शनच्या किल्ल्या पर्यायी जागेत पोचतच नव्हत्या, कित्येक महिन्यांपासून. चार तासांचं उद्दिष्ट होतं. संध्याकाळी सहाला आम्ही थांबलो.

सातला सरांना फोन केला. ते अगदी सहज म्हणाले, "हो, त्या मी दर तालमीच्या आदल्या दिवशी हाताने कॉपी करतो."

लपवाछपवी नव्हती त्यात. लिंक अधूनमधून बंद पडते हे त्यांना माहीत होतं, त्यांनी तोडगा काढला आणि तो त्यांच्या कामाचाच भाग होऊन गेला. आठ वर्षं आम्ही यंत्रणेची परीक्षा घेत नव्हतो, सरांची घेत होतो. आणि सर दरवेळी पास.

रिपोर्टमध्ये 'अंशतः यशस्वी' लिहावं असं सुचवण्यात आलं. कराराच्या नूतनीकरणाचे दिवस, मलाही कळतं. मी 'अयशस्वी' लिहिलं आणि सही केली. मॅनेजर दोन दिवस कामापुरतंच बोलले. ग्राहकाने अजून काही म्हटलेलं नाही, फक्त फेरतालमीची तारीख मागितली आहे.

सर मात्र दुखावले. आठवडाभर चहाला आले नाहीत. परवा आपणहून टेबलाशी आले, हातात शंभर पानी वही. "मी अशा हाताने करतो त्या गोष्टी लिहितोय," म्हणाले. कालपर्यंत ३१ झाल्या होत्या. तिजोरीची किल्ली एकोणिसावी. तेविसावी वाचून मी आणि ती दोन्ही मुलं तासभर सर्व्हर रूममध्ये बसलो होतो, आणि ती अजून सुटलेली नाही.