‘लुक आफ्टर’ आणि आपले ‘पाहणे’

इंग्रजीत ‘लुक’ म्हणजे पाहणे. पण त्याला एखादा छोटा शब्द चिकटला की अर्थ पार बदलतो. ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, ‘लुक इन्टू’ म्हणजे छडा लावणे, ‘लुक अप’ म्हणजे शब्दकोशात शोधून काढणे. आणि ‘लुक आफ्टर’ शब्दशः ‘मागून पाहणे’, पण खरा अर्थ सांभाळणे.

वापरताना एवढे लक्षात ठेवा: ‘लुक इट अप’ चालते, ‘लुक हर आफ्टर’ चालत नाही. तिथे ‘लुक आफ्टर हर’ असेच म्हणायचे.

मी सौंसरचा. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ पासून आमचा जिल्हा पांढुर्णा झाला. त्यामुळे माझी शाळा हिंदीत, घर मराठीत आणि बीई इंग्रजीत. ही इंग्रजी क्रियापदे आम्ही याद्या करून पाठ केली. पुढे नोकरीत रोज वापरताना जाणवले, की घरच्या बोलीत हे सगळे आधीपासून आहे. ‘वाट पाहणे’ म्हणजे थांबणे. ‘करून पाहणे’ म्हणजे प्रयत्न. ‘पाहून घेईन’ ही धमकीही असते आणि जबाबदारीही. नुसते ‘पाहू’ म्हणजे तर बहुतेक वेळा ‘नाही’च!

आमच्याकडची माणसे फोनवर हमखास विचारतात, ‘‘संत्र्याचा बगीचा कोन पाह्यते? माय-बापाले कोन पाह्यते?’’ हाच तो ‘लुक आफ्टर’.

मी पुण्यात असतो. व्हिडिओ कॉलवर आई-बाबांना रोज पाहतो. पण ते झाले ‘लुक ॲट’. इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, आपल्याकडे एकच, म्हणून एकावर दुसऱ्याचे समाधान मानणे सोपे जाते. बाबा सत्तरीला आले, तेव्हा धाकटा भाऊ आणि मी बसून वाटणी केली. बगीचा तो पाहतो. दवाखाना, औषधे आणि बगीच्याचा हिशोब मी पाहतो. दर महिन्याचा एक आठवडा मी सौंसरच्या घरूनच ऑफिसचे काम करतो.

मुलांनो, इंग्रजी क्रियापदांची यादी हातात आली, की आधी आजीला विचारा, ‘पाहणे’ ती किती तऱ्हांनी वापरते. यादी लवकर पाठ होईल. आणि आजीला कोण पाहते, तेही विचारून घ्या.