आधी आईचं मन

घरात कोणी गरोदर असलं की तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही, हा आजीचा नियम आमच्या चिक्कडपल्लीच्या घरात आजोबांनाही पाळावा लागे. गावाकडच्या जमिनीचा वाद, उसनवारी, भाऊबंदकी, जे काही असेल ते बाहेर अंगणात. "पोटातलं पोर ऐकतं," एवढंच ती सांगे. गर्भाला शेवटच्या महिन्यांत आईचा आवाज ऐकू येतो आणि जन्मल्यावर बाळ तो ओळखतं, हे पुढे प्रयोगांतून सिद्ध झालं. आजीचा रोख मात्र मुख्यतः सुनेकडेच असे. नऊ महिने तरी तिला कोणी बोल लावू नये.

१९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला, आजोबांची नोकरी आणि बिऱ्हाड मात्र हैदराबादलाच राहिलं. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी, अशी आम्ही भावंडं वाढलो. थोरली विवेकवर्धिनी शाळेत गेली, धाकटी जवळच नारायणगुड्याच्या केशव मेमोरियलमध्ये. आमच्याकडे 'चांदोबा' मासिक यायचं, शेजारच्या अत्तय्यांकडे तेलुगू 'चंदमामा'. चित्रं तीच असत. दोन्ही अंक शेजारी ठेवून आम्ही एकमेकांच्या गोष्टी पुऱ्या करायचो. घरची पोरं कुठली आणि शेजारची कुठली, हे जेवणाच्या पंगतीतही कळत नसे.

धाकट्या काकूला दिवस गेले तेव्हा तिला डोहाळे लागले ते अत्तय्यांच्या हातच्या गोंगुरा पच्चडीचे, म्हणजे अंबाडीच्या चटणीचे. रोज वाटी येऊ लागली. डोहाळेजेवणाला आत्याने फुलांची वाडी भरली, आणि अत्तय्यांनी त्यांच्या सीमंताच्या रिवाजाप्रमाणे तिचे दोन्ही हात बांगड्यांनी भरले. बाळंतपण झालं नीलोफर दवाखान्यात. निजामाची सून नीलोफर हिची दासी बाळंतपणात दगावली, त्या दुःखातून हा दवाखाना १९५३ साली उभा राहिला, हे आजी आम्हाला आवर्जून सांगे.

मुलगा झाला, पेढे वाटले, आणि काकू हसेनाशी झाली. तिला जेवण जाईना, रात्री बाळ झोपलं तरी ती जागीच. बघायला येणाऱ्या बायका म्हणत, "सोन्यासारखं पोर आहे, रडतेस काय?" कोणी दृष्ट काढायला सांगे. आजीने दृष्ट काढली, पण तिथे थांबली नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांना ओसरीवरूनच परत पाठवू लागली. रात्रीचं बाळ स्वतःच्या कुशीत घेतलं, फक्त पाजायला काकूकडे द्यायची. दुपारी अत्तय्या त्याला त्यांच्याकडे नेत, म्हणजे काकूला सलग झोप मिळे. आई तिच्याजवळ बसून मेथ्या निवडायची, काही न विचारता. काकू बोलली तर ऐकायची, रडली तर रडू द्यायची. डॉक्टरीणबाईंनाही दाखवलं. सहा-सात महिन्यांनी संक्रांत आली. अत्तय्यांनी भोगीच्या संध्याकाळी बाळावर भोगी पंड्लु, म्हणजे बोरं, ओतली, आम्ही चार दिवसांनी बोरन्हाण केलं. बोरं वेचताना आमची झालेली मारामारी बघून काकू मोठ्याने हसली. त्या दिवशी आजीने देवापुढे साखर ठेवली.

मोठ्या मुलांच्या भीतीकडेही असंच लक्ष असे. १९६९च्या तेलंगणा आंदोलनात शाळा बंद पडल्या, संचारबंदी लागली. आजोबांनी आम्हाला समोर बसवून शहरात काय चाललं आहे ते सोप्या शब्दांत सांगितलं, खोटी समजूत घातली नाही. गोळीबाराच्या बातम्या मात्र आम्ही झोपल्यावरच बोलल्या जात. माजघरात सगळ्यांच्या गाद्या एका ओळीत पडायच्या आणि दाराकडच्या टोकाला आजी झोपायची.

या घरात उणीवही होती. ज्याला गणित यायचं नाही त्याचे गुण सगळ्यांसमोर वाचले जात, चुलतभावांशी तुलना होई. मुलगा रडला की "बायकांसारखा रडू नको" हे ठरलेलं. आमच्यातला एक जण वर्षानुवर्षं गप्प गप्प राहिला, आणि इतक्या माणसांत ते कोणाला दिसलं नाही. भरलेल्या घरात मूल एकटं पडू शकतं, हे आम्ही पाहिलं आहे. म्हणून एकत्र कुटुंब होतं म्हणजे सगळं छान होतं, असं मी म्हणणार नाही. पण बाळंतिणीच्या बाबतीत आजी बरोबर होती, याबद्दल मला शंका नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी एडिनबरोची दहा प्रश्नांची चाचणी १९८७ साली आली. आपल्याकडे आजही बाळाचं वजन दर खेपेला होतं, आईला झोप लागते का हे क्वचितच कोणी विचारतं.

आता आमच्यातली निम्मी भावंडं पुण्यात, काही परदेशात, आणि सुनामुली दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्या बाळंतपण काढतात. रात्रीचं बाळ घ्यायला आजी नाही, दुपारचं न्यायला अत्तय्या नाहीत. ते काम आता नवऱ्याने, सासूसासऱ्यांनी, मैत्रिणींनी वाटून घ्यायला हवं. बाळ बघायला जाल तेव्हा आधी आईशी बोला, तासभर बाळ सांभाळून तिला झोपू द्या. दोन आठवड्यांनंतरही तिचं रडणं थांबत नसेल तर डॉक्टरांकडे न्या, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं, तेलुगूतही.