थारची चाके

धाकट्याने दोन वर्षांपूर्वी जुनी थार घेतली, २०२० नंतरच्या नव्या बांधणीची. आम्ही अकोल्याला राहतो. सुट्टी आली की सगळ्यांना घेऊन घाटघर, साम्रद, रतनवाडी ही त्याची चक्कर ठरलेली. गाडी दारात येऊन आठवडा झाला नाही तोच "अण्णा, चाकं बदलायचीत" सुरू झाले. मोबाईलवर वीस इंची अलॉयचे फोटो, पुढे जाडजूड लोखंडी गार्ड, टपावर दिव्यांची पट्टी...

आता मी पडलो मराठीचा मास्तर. मला यातले काय कळणार, असे तुम्ही म्हणाल. पण टायरवर लिहिलेले वाचता येते की! त्याच्या टायरवर होते २४५/७५ आर १६. म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, रबराच्या भिंतीची उंची तिच्या ७५ टक्के आणि रिम १६ इंची. गुणाकार केला की रबराची उंची येते साधारण १८४ मिलिमीटर. याच थारच्या महागड्या प्रकाराला २५५/६५ आर १८ टायर होते. तिथे रबर उरते १६६. चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच, रिम वाढली तेवढे रबर घटले. वीस इंचीत तर आणखी घटणार. साम्रदच्या दगडावर धक्का सोसते कोण? रबर! अलॉय हलके असते, देखणेही असते, मान्य. पण लोखंडी रिम वाकली तर ठोकून कामापुरती सरळ होते. अलॉयला तडा गेला तर काय ठोकणार?

नगरचा रणगाडा संग्रहालय पाहायला मी पूर्वी मुलांची सहल नेत असे. एवढे धूड चिखलात रुतत कसे नाही, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारायचेच. उत्तर सोपे आहे. त्याचा लांबरुंद पट्टा वजन जास्त जमिनीवर पसरतो. चिखलात टायरची हवा थोडी कमी करतात ती त्याचसाठी. मात्र त्यासाठी रबराला उंची हवी, आणि डांबरीवर येताच हवा पुन्हा भरायला पंप जवळ हवा.

लोखंडी गार्डवर मात्र आमचे वाजले. माझे म्हणणे, पुढे सूनबाई बसते. धडक बसली की गाडीचा पुढचा भाग चेपतो, एअरबॅग वेळेवर उघडते; मध्ये लोखंड आले की हे गणित बिघडते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितले होते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत असे स्पष्ट केले. उद्या काही झाले तर विमावाले आधी तेच बघतील. दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. असो.

शेवटी रिम तीच राहिली. त्याच मापाचे, खोल नक्षीचे ऑल-टेरेन टायर घेतले. नुसत्या चिखलाचे टायर येतात ते डांबरीवर घोंघावतात, आणि घाटघरच्या पावसात ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते. आपले निम्म्याहून अधिक जाणे डांबरीवरूनच, हे त्यालाही पटले.

टपावरच्या दिव्यांचे अजून त्याच्या मनातून गेलेले नाही. भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर झाडे काजव्यांनी लखलखतात. तो लुकलुकाट म्हणजे नर-मादीचे बोलणे. प्रखर उजेड पडला की ते थांबते. नातीला यंदा काजवे दाखवायचे कबूल केले आहे. जूनच्या आत त्याच्याशी पुन्हा एकदा बोलायला हवे.